हात चांगला आहे, पण धंदा वाढत नाही? ब्रूस बोचीची गोष्ट वाचा



आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. एका ताईंचा ब्लाउज शिवण्यात असा हात, की लग्नसराईत दोन महिने आधी कपडा टाकावा लागतो. फिटिंगची तक्रार नाही, दिलेली तारीख चुकत नाही. मग ताई घरातून बाहेर पडून गाळा घेतात, आणखी दोन मशिनी घेतात, दोन मुली कामाला ठेवतात. सहा महिन्यांनी जाऊन बघावं, तर माप ताई घेतायत, कटिंग ताई करतायत, गिऱ्हाईकाशी ताई बोलतायत, आणि त्या दोन मुली हुक लावत बसल्यात. भाडं सुरू झालं, पगार सुरू झाले, माल मात्र तेवढाच निघतोय. ताईंची झोप गेली ती वेगळीच.

ताईंच्या जागी गॅरेजवाला मिस्त्री ठेवा, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकू ठेवा, नाहीतर स्वतःला ठेवा. दुखणं एकच. आपल्याला वाटतं, "मला काम उत्तम येतं, म्हणजे मला धंदा चालवता येईल." पण काम येणं हा एक धंदा आहे आणि दुसऱ्याकडून काम करून घेणं हा दुसरा धंदा आहे. दुसरा वेगळा शिकावा लागतो, आणि तो आपोआप येत नाही.

हे समजून घ्यायला आज मी तुम्हाला एका अमेरिकन बेसबॉलवाल्याची गोष्ट सांगणार आहे. नाव ब्रूस बोची. खेळाडू म्हणून जेमतेम, मॅनेजर म्हणून थोर. या दोन टोकांच्या मध्ये त्याने काय केलं, तेच आपल्या कामाचं आहे.

आधी दोन मिनिटं बेसबॉल

क्रिकेट माहीत आहे ना? मग बेसबॉल अवघड नाही. आपला बॉलर म्हणजे त्यांचा पिचर. आपला विकेटकीपर म्हणजे त्यांचा कॅचर. बाकीचे सात जण फिल्डिंगला. नऊ डाव होतात, प्रत्येक डावात दोन्ही टीमना बॅटिंग मिळते.

दोन फरक लक्षात ठेवा. पहिला, एकदा पिचरला बाहेर काढलं की त्या सामन्यात तो परत बॉलिंगला येत नाही. म्हणजे "काढू का ठेवू" हा निर्णय मागे घेता येत नाही. दुसरा, हा निर्णय मैदानातला कॅप्टन घेत नाही, बाहेर बसलेला मॅनेजर घेतो. कोण खेळणार, कुठल्या क्रमाने बॅटिंगला जाणार, पिचर कधी बदलायचा, हे सगळं त्याच्याकडे. गंमत म्हणजे हा मॅनेजर टीमचाच युनिफॉर्म घालून बसतो. पण हातात बॅट नाही, ग्लोव्ह नाही. खेळ करायचा तो दुसऱ्यांच्या हातांनी.

मोठ्या लीगमध्ये एका हंगामात प्रत्येक टीमचे 162 सामने होतात. जवळजवळ रोज सामना. दुकान उघडण्यासारखंच ते. आज धंदा झाला नाही म्हणून उद्या शटर बंद ठेवता येत नाही.

बाकावर बसलेला कॅचर

बोचीचा जन्म 1955 चा, फ्रान्समधला. वडील अमेरिकन लष्करात होते, तिकडे नेमणूक होती. 1975 साली ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या टीमने त्याला निवडलं आणि 1978 मध्ये तो मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा खेळला. पुढे न्यूयॉर्क मेट्स, मग सॅन दिएगो पॅड्रेज. 1987 पर्यंत मोठ्या लीगचे एकूण 9 हंगाम.

ऐकायला छान वाटतं. आता आकडे बघा. 9 हंगामांत मिळून सामने फक्त 358, होम रन 26. बॅटिंगची सरासरी .239, म्हणजे शंभर संधींत साधारण 24 वेळा हिट. तो राखीव कॅचर होता. मुख्य कॅचर थकला, जखमी झाला, की याचा नंबर. उरलेले दिवस बाकावर.

आता बाकावर बसणारा माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर "मला चान्सच देत नाहीत" म्हणून कुढत बसतो, नाहीतर बघत बसतो. आणि कॅचरला बघायची सवय कामातच लागते. मैदानावरचे बाकी सगळे बॅट्समनकडे तोंड करून उभे असतात. एकटा कॅचर असा, की ज्याच्यासमोर अख्खं मैदान असतं. कुठला बॉल टाकायचा याची खूण तो पिचरला देतो. पिचरचा हात दमलाय का, डोकं ठिकाणावर आहे का, हे सगळ्यात आधी त्याला कळतं. अमेरिकेत कॅचरमधून मॅनेजर झालेले बरेच दिसतात, त्याचं कारण हेच.

तुमच्यापैकी जे अजून नोकरी करतायत, दुसऱ्याच्या दुकानात उभे आहेत, त्यांनी हे नीट वाचा. तुम्ही आत्ता बाकावर आहात. मालक उधारी कशी वसूल करतो, कुठल्या गिऱ्हाईकाला नाही म्हणतो, कारागीर रुसला तर काय करतो, हे फुकटात बघायला मिळतंय. ही फी न भरता चाललेली शाळा आहे.

थेट मालक नाही, आधी छोटा गल्ला

खेळणं थांबल्यावर बोची थेट मोठ्या टीमचा मॅनेजर झाला का? नाही. इथे आपले बरेच जण चुकतात.

1989 साली त्याला काम मिळालं स्पोकेन या गावच्या टीमचं. मोठ्या लीगच्या खाली पायऱ्या-पायऱ्यांच्या छोट्या लीग असतात, त्यातली ही जवळजवळ तळाची पायरी. नुकतीच निवड झालेली पोरं, बसचे प्रवास, थोडे प्रेक्षक. ती लीग त्याने जिंकली. मग पुढची पायरी, मग त्याच्या पुढची. 1992 पर्यंत चार वर्षं तो अशा छोट्या टीम सांभाळत होता.

1993 मध्ये पॅड्रेजने त्याला मोठ्या टीममध्ये आणलं, पण मॅनेजर म्हणून नाही, थर्ड बेस कोच म्हणून. हे काम फार मजेशीर आहे. धावत येणाऱ्या खेळाडूला "पळ" म्हणायचं की "थांब", एवढंच मुख्यतः ठरवायचं. पण ते क्षणात ठरवायचं. चुकलं तर हजारो लोकांसमोर चुकतं. म्हणजे जबाबदारीचा तुकडा छोटा, पण पूर्ण स्वतःचा.

दोन वर्षं ते केल्यावर 1995 मध्ये तो पॅड्रेजचा मॅनेजर झाला आणि 1996 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. लोकांना वाटलं, अरे, दुसऱ्याच वर्षी! पण हिशोब करा. त्याच्या आधी सहा वर्षांची उमेदवारी होती.

आपल्या भाषेत सांगायचं तर, पहिला माणूस ठेवायच्या आधी एखाद्या सीझनपुरतं काम दुसऱ्याकडून करून घेऊन बघा. दिवाळीच्या फराळाला पंधरा दिवस दोघी मदतीला घ्या. तुम्ही चकली तळायची नाही, फक्त सांगायचं, बघायचं, माल तपासायचा. जमतंय का? चिडचिड किती होतेय? ते पंधरा दिवस म्हणजे तुमचं स्पोकेन. तिथे चुकलात तर चार किलो पीठ वाया जाईल. गाळा घेऊन चुकलात तर डिपॉझिट जाईल.

पगार मोठा, पण आज तुझं काम नाही

पॅड्रेजमध्ये 12 वर्षं काढून 2007 मध्ये बोची सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे आला. पहिल्या वर्षी 91 सामने हरला, दुसऱ्या वर्षी 90. तरी मालकांनी दम धरला.

2010 साली टीम हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी पुढच्या फेरीत पोचली. हरवलं कोणाला? त्याच्याच जुन्या पॅड्रेजला. आता बाद फेऱ्यांसाठी यादी ठरवायची. टीममध्ये बॅरी झिटो नावाचा पिचर होता. त्याचा करार 7 वर्षांचा, 12 कोटी 60 लाख डॉलरचा. करार झाला तेव्हा कुठल्याही पिचरचा तो सगळ्यात मोठा करार होता. पण त्या वर्षी त्याचा हात चालत नव्हता. बोचीने त्याला यादीतच घेतलं नाही. सगळ्यात मोठ्या पगाराचा माणूस बाहेर, आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या टीमने सोडून दिलेला कोडी रॉस आत. तोच रॉस पुढे लीगच्या अंतिम फेरीत सर्वोत्तम खेळाडू ठरला. जायंट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. टीम 1958 साली सॅन फ्रान्सिस्कोला आल्यापासूनची ही पहिली.

थांबा, खरी गोष्ट पुढे आहे. झिटो टीममध्येच राहिला. 2012 मध्ये लीगच्या अंतिम फेरीत जायंट्स 3-1 ने मागे. अजून एक सामना हरला की घरी. त्या दिवशी बॉल दिला झिटोला. त्याने सात डावांहून जास्त वेळ एकही रन दिली नाही. सामना जिंकला, फेरी जिंकली, मग वर्ल्ड सिरीजचा पहिला सामनाही त्यानेच जिंकून दिला.

त्याच वर्षी टिम लिन्सकम. 2008 आणि 2009 अशी लागोपाठ दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम पिचर ठरलेला माणूस, पण 2012 चा हंगाम वाईट गेला. बोचीने त्याला सुरुवातीचा पिचर म्हणून न वापरता मधल्या डावांत आणायला सुरुवात केली. आणि तिथे तो चमकला.

धडा काय? माणूस वाईट नसतो, बऱ्याचदा जागा चुकलेली असते. तुमच्याकडे जुना कारागीर आहे. हातात कला आहे, पण आता डोळ्यांना त्रास होतोय, काम हळू होतंय. एक मार्ग, रोज सगळ्यांसमोर ओरडणं. दुसरा, जुना आहे म्हणून सगळं खपवून घेणं आणि गिऱ्हाईक घालवणं. तिसरा मार्ग बोचीचा. मशिनीवरून उठवा, कटिंग तपासायला बसवा, नव्या मुलांना शिकवायला द्या. पण हे सांगताना चारचौघांत सांगू नका. आत बोलवा, चहा मागवा, स्पष्ट सांगा. काढून टाकणं आणि बाजूला बसवणं यात फरक आहे. बाजूला बसवलेला माणूस अडचणीच्या दिवशी कामाला येतो. अपमान झालेला माणूस येत नाही.

भावना बाजूला ठेवायचा क्षण

29 ऑक्टोबर 2014. वर्ल्ड सिरीजचा सातवा, म्हणजे शेवटचा सामना, समोर कॅन्सस सिटी रॉयल्स. जायंट्सचा सुरुवातीचा पिचर टिम हडसन, वय 39, मोठ्या लीगमधलं सोळावं वर्ष, आणि वर्ल्ड सिरीज खेळायची ही पहिलीच वेळ. कोणालाही वाटेल, याला आज पोटभर खेळू द्यावं.

दुसऱ्याच डावात बोचीने त्याला काढलं. दोन डावसुद्धा पुरे होऊ दिले नाहीत. जेरेमी अ‍ॅफेल्टला आणलं, त्याने पडझड थांबवली. पाचव्या डावात मॅडिसन बमगार्नर आला. हा तीनच दिवसांपूर्वी 117 बॉल टाकून अख्खा सामना एकट्याने संपवलेला पिचर. नियमाप्रमाणे मधल्या डावांतली माणसं आळीपाळीने आणायची, दमलेल्याला वाचवायचं. पण बोची बघत राहिला. बमगार्नरचा बॉल पडतोय कसा, चेहरा कसा आहे. आणि त्याला ठेवलंच. पाच डाव, 68 बॉल, एकही रन नाही. जायंट्स 3-2 ने जिंकले. पाच वर्षांत तिसरी वर्ल्ड सिरीज.

बघा हं, एकाच संध्याकाळी एकाला लवकर काढलं आणि दुसऱ्याला नेहमीपेक्षा जास्त ठेवलं. दोन्ही निर्णय एकाच प्रश्नातून आले: "आत्ता, या क्षणी, काम कोणाच्या हातून होतंय?" कोणाचा मान किती, कोणाचा हक्क किती, हा प्रश्न सामना संपल्यावरचा.

आपण नेमकं उलटं करतो. मेहुणा गल्ल्यावर आहे म्हणून तो गल्ल्यावरच. पुतण्या डिलिव्हरीला उशीर करतो, पण दादाला काय वाटेल? नात्याला मान द्या, घासातला घास द्या, पण खुर्ची कामाप्रमाणे द्या.

हरण्याचा हिशोब

आता एक आकडा सांगतो, तो लिहून ठेवा. 2019 मध्ये बोची जायंट्समधून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या नावावर 2003 विजय होते. आणि पराभव? 2029.

होय. जिंकलेल्यापेक्षा हरलेले जास्त. आणि तरी तो या खेळातल्या मोठ्या मॅनेजरांमध्ये मोजला जातो. कारण पैशाची चणचण असलेल्या, नवी पोरं असलेल्या टीमही त्याने सांभाळल्या, आणि मोक्याच्या दिवसांत तो चुकला नाही.

म्हणून आज गल्ला कमी आला, या महिन्यात दोन ऑर्डरी गेल्या, याने खचू नका. पण बोचीच्या नावाखाली आळसही करू नका. त्याने हरलेला प्रत्येक सामना पुरता खेळला होता.

तीन वर्षं विश्रांती घेऊन तो परत आला, टेक्सस रेंजर्सचा मॅनेजर म्हणून. बोलावलं कोणी? रेंजर्सचा प्रमुख क्रिस यंग. हा पूर्वी पॅड्रेजमध्ये बोचीच्या हाताखाली खेळलेला पिचर! 2022 मध्ये 94 सामने हरलेली ही टीम 2023 मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. टीमच्या इतिहासातली पहिली, बोचीची चौथी. चार किंवा जास्त जिंकणारे मॅनेजर आजवर फक्त सहा झाले, त्यात हा राखीव कॅचर आहे. आणि हे काम त्याच्यापर्यंत घेऊन आला तो त्याने एकेकाळी नीट वागवलेला माणूस. आज तुमच्याकडे हेल्पर असलेलं पोरगं उद्या तुमचं मोठं गिऱ्हाईक असू शकतं.

ही तुलना कुठे थांबते

खरं सांगायचं तर बोची मालक नव्हता. खेळाडूंचे पगार त्याच्या खिशातून जात नव्हते. तुमचे जातात. त्याला पहिली दोन वर्षं हरूनही वेळ मिळाला, बँकेचा हप्ता तुम्हाला तेवढा वेळ देत नाही. म्हणून त्याची नक्कल करू नका, क्रम घ्या. आधी बघा, मग छोट्यावर शिका, मग एक तुकडा पूर्ण अंगावर घ्या, मग टीम.

आणि चांगला कारागीर राहणं यात कमीपणा नाही. एक मशीन, एक माणूस, चोख काम, ठरलेली कमाई. तुम्हाला तेच आवडत असेल तर तेच करा, आणि भाव वाढवा. पण माणसं ठेवायची असतील, तर हातातली कात्री कधीतरी खाली ठेवावी लागेल.

या आठवड्याचा गृहपाठ

वही घ्या, मोबाइल नको.

1. तुमच्या धंद्यातली सगळी कामं लिहा. माप, कटिंग, शिलाई, फोन, वसुली, खरेदी, झाडलोटसुद्धा.
2. प्रत्येकापुढे लिहा, हे आत्ता कोण करतं. किती ठिकाणी "मी" आलं ते मोजा.
3. त्यातलं एक काम निवडा, जे बिघडलं तर नुकसान सोसता येईल. ते पूर्णपणे एका माणसाला द्या. आठवडाभर मध्ये हात घालायचा नाही. संध्याकाळी फक्त माल तपासायचा.
4. शनिवारी त्या माणसाशी दहा मिनिटं बोला. आधी त्याला बोलू द्या.

पहिल्या दोन दिवसांत हात शिवशिवतील. "त्यापेक्षा मीच केलं असतं तर लवकर झालं असतं" असं वाटेल. वाटू द्या. आज लवकर झालंही असतं. पण वर्षानंतर तुम्ही त्याच मशिनीवर, त्याच खुर्चीत असता.

तुम्ही कुठलं काम सोडलं आणि काय झालं, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. फसलं असेल तर तेही लिहा, त्यातूनच बाकीच्यांना शिकता येतं. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब रोज लिहा, आणि स्वतःची काळजी घ्या!